जांभळीची उभी चीर

चैत्रातल्या एका दुपारी वावटळ उठली आणि बांधावरची जांभूळ पडली. विजयमाला तेव्हा झोपडीच्या सावलीत मेथीच्या जुड्या बांधत होती. हातातली सुतळी तशीच धरून ती उभी राहिली. धूळ बराच वेळ खाली बसत होती.

झाड आज ना उद्या पडणारच होतं. पलीकडच्या अंगाला बिल्डरनं भिंतीसाठी चर खणला, तेव्हा त्या बाजूची मुळं तुटून गेली होती. पाऊसभर जांभूळ एका पायावर उभी राहिल्यासारखी उभी होती. पण पडली ती नेमकी पाटावर. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी वावरात आणणारा तो दगडी पाट. एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला मुळांनी उकललेला खड्डा, आणि मधोमध रुतून बसलेला बुंधा. विजयमालाच्या दोन्ही हातांच्या कवेत मावला नसता, एवढा.

संभाजी सायकल टाकून पळत आला. त्यानं झाडाकडं पाहिलंच नाही, पाटाकडं पाहिलं.

“शुक्रवारी पाणी सुटायचंय,” तो म्हणाला.

“मला काय सांगता? भेंडीला सांगा. फुलावर आलीय.”

विहिरीत बादली तिरपी केल्याशिवाय भरत नव्हती. हे आवर्तन चुकलं तर पुढचं येईपर्यंत भेंडी आणि गवार वाळून कडबा होणार, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

संभाजी सोसायट्यांमधल्या झाडांच्या फांद्या उतरवायची कामं करायचा, त्यामुळे घरात चेनसॉ होता. पालिकेच्या उद्यान खात्याचा माणूस येऊन फोटो काढून, परवानगी देऊन गेला, तशी त्यानं मशीन बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत मुळं आणि फांद्या बाजूला झाल्या. मग जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी बुंध्यावर टेकवली, तेवढ्यात विजयमालाचा फोन वाजला. थोरल्या दिरांचा, रावसाहेबांचा होता. आपला वाटा बिल्डरला देऊन ते आता भिंतीपलीकडच्या इमारतीत राहत होते. जमिनीची मोजणी झाली त्या वर्षापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर विजयमालाच्या फोनवर.

“विजयमाला, त्याला सांग. फांद्या घे म्हणावं. बुंधा आडवा कापायचा न्हाई. बांधावरचं झाड हाय.” आणि फोन बंद.

तिनं निरोप सांगितला. तिला वाटलं, आता नवरा शिवी देणार आणि मशीन चालू करणार. पण संभाजीनं पट्टी उचलून घेतली.

“बरोबर हाय त्याचं,” तो म्हणाला.

त्यांच्या गावची ती रीतच होती. बांधावरचं झाड दोन्ही बांधकऱ्यांचं. पडलं तर आडवं तोडून वाटायचं नाही, कारण बुडाकडचं लाकूड सरळ आणि घट्ट असतं, शेंड्याकडचं गाठाळ. ज्याला शेंडा येईल तो जन्मभर धुसफुसत राहतो. म्हणून बुंधा बुडापासून शेंड्यापर्यंत उभा चिरायचा, दोन सारखे भाग करायचे. आणि जो चिरेल, त्यानं दुसऱ्याला आधी निवडू द्यायचं. पूर्वी असं चिरायला दोन करवतकरी यायचे, एक बुंध्यावर, एक खाली खड्ड्यात. त्यांची मुलं आता रिक्षा चालवत होती. सॉ-मिलला न्यावं तर ट्रक हवा, ट्रकला रस्ता हवा, आणि जुना गाडीरस्ता आता सोसायटीच्या फाटकाच्या आत गेला होता.

“मग बसू द्या तिथंच,” विजयमाला म्हणाली. “रीत पाळा आन् भेंडी वाळवा.”

संभाजी बुंध्यावर बसून तंबाखू मळत राहिला.

वाट दाखवली ती रविराजनं. त्यांचा हा मुलगा खराडीला एका कंपनीत कामाला होता आणि तिकडंच खोली घेऊन राहत होता. त्यानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी बर्फाच्या देशातला माणूस चेनसॉला लोखंडी सांगाडा लावून ओंडक्याच्या फळ्या पाडत होता. ओंडक्यावर शिडी ठेवलेली, शिडीवर सांगाडा सरकतोय, आणि खाली पट्टी आडवी राहून लाकडात चालली आहे.

संभाजीनं तो व्हिडिओ भाकरी खाताना पाहिला, हात धुताना पाहिला. मग म्हणाला, “ह्याला वरनं फळ्या पाडायच्यात. ह्याच्या सांगाड्याचे पाय वीतभर. मला मधोमध जायचंय. मला हातभर पाय लागतील.”

“शिडी हाय आपली,” विजयमाला म्हणाली.

“शिडी हाय. पाय करून घ्यावं लागतील.”

सकाळी दोघं कसबा पेठेत निघाले. मशीन पोत्यात गुंडाळली होती, पट्टी पोत्याबाहेर आली होती. बसचा कंडक्टर दारातच आडवा आला.

“हे काय आहे?”

“मशीन हाय. पेट्रोल काढलंय सगळं.”

“मला काय वास घेऊन बघायचंय का? मागे उभे राहा. कुणाला लागलं तर तुम्ही जबाबदार.”

आख्खी बस बघत होती. संभाजीनं पट्टी आपल्या पोटाशी वळवून धरली. स्वारगेटपर्यंत तो तसाच, तान्हं मूल घेतल्यासारखा उभा राहिला. तिथून पुढं गल्ल्यांमधून चालत, घाम पुसत दोघं तनुजाच्या दुकानाशी आले.

तनुजा बापाच्या मागं ग्रिलचं दुकान चालवत होती. डोळ्यांवरची काळी काच वर करून तिनं व्हिडिओ पाहिला, मग पोत्याकडं पाहिलं, मग संभाजीकडं.

“आणि हे तुम्हाला कधी हवंय?”

“आज.”

“वा. काल का नाही मागितलंत? काल मला जास्त वेळ होता.”

विजयमालाला हसू आलं. तनुजाला ते दिसलं, आणि तिनं पुढचं तिलाच विचारलं, “यांना मी नाही म्हटलं तर काय होईल?”

“भेंडी वाळंल.”

“भेंडीला चेनसॉ?” तनुजानं काच खाली ओढली. “बसा बाई त्या स्टुलावर. पाय आत घ्या, ठिणग्या उडतात.”

काम साधं दिसत होतं, पण साधं नव्हतं. शिडीवर सरकायला दोन आडवे चौकोनी पाइप. त्यांच्यापासून खाली उतरणारे उभे पाय, आणि पायांच्या टोकांना पट्टी आवळून धरणारे चिमटे. पाय वीतभर असते तर प्रश्न नव्हता. हातभर केल्यावर तनुजानं सांगाडा टेबलावर धरून हलवला, तर खालचं टोक डुलायला लागलं.

“हे असं डुललं तर लाकडात नागमोडी रस्ता पडेल. घाटातला.” तिनं दोन्ही पायांना तिरप्या पट्ट्या जोडल्या, फुलीसारख्या. पुन्हा हलवलं. आता डुललं नाही.

“आता टोकाला आवळा,” संभाजी म्हणाला. “पार टोकाला. म्हणजे पट्टी लवणार न्हाई.”

तनुजानं आवळलं. विजयमाला स्टुलावरून उठली आणि चेन हातानं ओढून पाहायला लागली. फडक्यात धरून तिनं जोर लावला, पण चेन हलली नाही.

“अहो, ही अडकलीय.”

संभाजीनं डोक्याला हात लावला. पट्टीच्या टोकात एक लहान चाक असतं, चेन त्याच्यावरून वळून परत येते. तो हे चाक वीस वर्षं साफ करत आला होता, आणि त्यानं चाकच आवळायला सांगितलं होतं.

“चाकाच्या अलीकडं घ्या,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“घेते. आणि पुढच्या वेळी बाईंनाच पाठवा, तुम्ही घरी थांबा,” तनुजा म्हणाली. चिमटा तिनं अलीकडं घेतला आणि पट्टीच्या त्या टोकाकडं, सांगाड्यालाच, एक मूठ जोडून दिली. “ही दुसऱ्या माणसाला धरायला. दुसरा माणूस आहे ना?”

“हाय,” विजयमाला म्हणाली.

घरी आल्यावर संभाजी ओट्यावर चेन घेऊन बसला. एकेक दात कानशीनं घासत होता. विजयमाला शेजारी गवार निवडत होती.

“नवीच हाय की चेन. कशाला घासताय?”

“हिचे दात तिरपे हायेत. आडवं कापायला तसेच लागतात. उभं चिरायला सपाट पायजेत.” तिला कळलं नाही असं पाहून त्यानं कानस थांबवली. “ऊस मोडताना कोयता कसा मारतीस? आन् सोलताना कसा धरतीस?”

तिनं हातातली शेंग कोयत्यासारखी धरून दोन्ही करून पाहिलं. “सोलताना पडता धरते.”

“तेच.” आणि कानस पुन्हा चालू झाली. सोबत जुनी चेनही त्यानं घासून ठेवली.

गुरुवारी उजाडताच त्यांनी शिडी बुंध्यावर दोऱ्यांनी बांधली, खाली लाकडाचे तुकडे देऊन सरळ केली. संभाजीनं कानात बोळे घातले, विजयमालाच्या कानांवरून पदर घट्ट आवळला, तिच्या डोळ्यांना स्वतःचा चष्मा लावला. मशीन एका बाजूला तो धरणार, पलीकडची मूठ ती.

मशीन सुरू झाली. मुठीतून थरथर तिच्या कोपरापर्यंत, मग दातांपर्यंत आली. ओल्या लाकडाचा आंबूस वास आला आणि तिच्या पायांवर तांबूस भुसा पडायला लागला. पट्टी बुडातून आत शिरली. सांगाडा शिडीवरून बोटबोट पुढं सरकत होता. चीर मागं सरळ राहिली होती, रेघ मारल्यासारखी. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो हसत नव्हता, पण त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

मग कर्रकन आवाज झाला आणि चिरेतून ठिणगी उडाली.

संभाजीनं मशीन बंद केली. पट्टी मागं घेऊन चेन पाहिली. काही दात पार गेले होते.

“खिळा,” तो म्हणाला. “तारेचा.”

मोजणीच्या वर्षी रावसाहेबांनी बांधावर काटेरी तार ओढली होती आणि खांब रोवायच्या ऐवजी ती जांभळीच्या अंगातच खिळ्यांनी ठोकली होती. पुढं संभाजीनं रागानं तार उपटून काढली. वरचे खिळे निघाले तेवढे काढले आणि झाड साफ झालं असं समजला. जे तुटून आत राहिले, त्यांच्यावरून झाडानं साल ओढून घेतली.

“आता एकच चेन राहिली. कुठं कुठं ठोकलेत ते त्यालाच ठाऊक.” संभाजीनं भिंतीपलीकडच्या उंच इमारतीकडं पाहिलं, आणि मग खाली पाहिलं.

“विचारा की.”

तो तुटलेले दात बोटानं चाचपत राहिला.

“बरं,” विजयमाला म्हणाली. तिनं पदर झटकला. केसांतला भुसा काही निघाला नाही.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं तिला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. “किस के यहाँ काम करती हो? कामवाल्यांची लिफ्ट मागे आहे.” ही जमीन कुणाची होती, ते सांगायला तिला तोंड उघडावं लागलं असतं. ती मागच्या लिफ्टनं गेली.

रावसाहेब बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तिथून सगळं दिसत होतं: पाट, झोपडी, भेंडी, बुंधा, आणि बुंध्याशेजारी बसलेला लहानसा संभाजी.

“ठिणगी उडाली न्हवं?” मान न वळवता त्यांनी विचारलं. “माझा चहा सांडला.”

“भावजी, खिळे किती हायेत?”

“मोजून ठोकले न्हवते. रागात ठोकले होते.”

“कुठं कुठं ते तरी?”

त्यांनी खाली बुंध्याकडं पाहिलं. “हितनं सांगता येणार न्हाई,” म्हणाले, आणि कठड्याला धरून उठले. खाली जाताना ते पुढच्या लिफ्टकडं वळले. विजयमाला मागं रेंगाळली, तर म्हणाले, “हिकडनं ये.” वॉचमननं उठून सलाम केला, तो दोघांना झाला.

भिंतीला वळसा घालून दोघं वावरात आले. संभाजी उभा राहिला. रावसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते बुंध्यापाशी गेले, हात फिरवला. जागोजाग साल फुगलेली होती, पण गाठी कुठल्या आणि जखमा कुठल्या ते कळत नव्हतं.

“तार तीन पदरी होती,” ते स्वतःशीच म्हणाले. “गुडघ्याला एक, कमरेला एक, छातीला एक.”

“पण भावजी, तवापासनं झाड वाढलं की,” विजयमाला म्हणाली. “खिळे वर न्हाई का गेले?”

उत्तर संभाजीनं दिलं, पण बायकोकडं बघून. “झाड शेंड्याला वाढतं. बुंधा नुसता जाड होतो. खिळा ठोकला तिथंच ऱ्हातो, आत आत जातो.”

रावसाहेबांनी ते ऐकून मान हलवली. मग त्यांनी चपला काढल्या आणि धोतर सावरत ते जमिनीवर, बुंध्याशेजारी, उताणे आडवे झाले. पाय मुळांकडं, डोकं शेंड्याकडं. पांढऱ्या सदऱ्याला माती लागली.

“भावजी!”

“गप. मोजतोय. संभा, माझे तळवे जिथं जमीन होती तिथं लाव.”

किती वर्षांनी नाव घेतलं ते विजयमालानं मनात मोजायचं टाळलं. संभाजी मग गुडघ्यांवर बसला, भावाचे दोन्ही घोटे धरले आणि बुंध्यावर मातीची जुनी खूण होती तिथवर तळवे सरकवले.

“तवा ताठ होतास,” तो म्हणाला. “आता पाठीला बाक आलाय. आणखी ताण.”

“ताणतोय की. तुटंस्तोवर ताणू का?”

विजयमालानं खडू घेतला. गुडघ्यासमोर एक रेघ, कमरेसमोर एक, छातीसमोर एक. आभाळाकडं बघत, हात हवेत धरून रावसाहेब हातोडा मारल्यासारखे करत होते आणि सांगत होते, “ह्या अंगानं. माझ्या बाजूनं. आन् हितं दोन लागोपाठ, पहिला वाकला होता.” संभाजीनं तिथं तिथं पटाशीनं साल सोलली. खाली काळे डाग निघाले. डागाच्या तळाशी लोखंड होतं.

पकडीनं खिळे ओढायला दुपार गेली. एक पार आत होता, त्याच्यासाठी लाकूड खोल कोरावं लागलं. तो निघाला तेव्हा संभाजीनं तो भावाच्या हातावर ठेवला. रावसाहेबांनी पाहिला आणि खिशात टाकला.

मग दुसरी चेन चढवली. विजयमाला मूठ धरायला गेली, तर रावसाहेब तिथं उभे होते.

“तुझ्यानं व्हायचं न्हाई,” संभाजी म्हणाला. “हात थरथरतात तुझे.”

“मशीनच थरथरतीय. माझं कुणाला कळणार हाय?”

संभाजीनं मशीन खाली ठेवली. “माझी बायको धरंल. तू पाचरी मार.”

रावसाहेबांनी पाचरी घेतल्या. चीर पुढं गेली की वरचं लाकूड खाली बसतं आणि पट्टी चिमटून धरतं. म्हणून मागून लाकडी पाचरी ठोकत जायच्या. ते प्रत्येक पाचर मारण्याआधी भावाकडं बघत. संभाजी मान हलवी, मग हातोडा पडे. गुडघ्याची रेघ गेली, कमरेची गेली. छातीच्या रेघेपाशी विजयमालानं मूठ घट्ट धरली, पण ठिणगी उडाली नाही. मशीनचा आवाज एकदम हलका झाला, पट्टी शेंड्यातून बाहेर आली, आणि चिरलेला बुंधा तडकन सुटला.

पहारी लावून, खाली पाइप घालून, शेजारच्या वस्तीवरची चार माणसं बोलावून त्यांनी वरचा भाग उतरवला, मग खालचा पाटातून ओढून काढला. दोन्ही भाग झोपडीजवळ शेजारी शेजारी, उताणे पडले. आतलं लाकूड तांबूस, मधोमध गडद. एक भाग स्वच्छ होता. दुसऱ्याच्या कडेनं खिळ्यांची कोरलेली भोकं आणि लोखंडानं पडलेले निळे-काळे पट्टे होते.

घामानं भिजलेला संभाजी बाजूला सरला. “मी चिरलं. तू निवड.”

चार माणसं बघत होती. विजयमालाला वाटलं, आता परत जुंपणार. रावसाहेबांनी स्वच्छ भागावरून हात फिरवला. मग दुसऱ्यावरून. एका भोकात बोट घालून पाहिलं.

“हा माझा,” भोकांच्या भागावर हात ठेवून ते म्हणाले.

“दादा, तो न्हाई—”

“भोकं मीच पाडली. तुझ्या गळ्यात कशाला मारू?” आणि मग, वर इमारतीकडं बघत, “फक्त, लिफ्टमधी जायचा न्हाई.”

कुणीतरी हसलं. संभाजी हसला नाही. “वाळायला वर्ष लागंल त्याला. सावलीत. खाली काड्या देऊन. अधनंमधनं उलटा करावा लागतो.”

“तूच करशील?”

“एकट्याच्यानं उलटतोय व्हय?”

शुक्रवारी सकाळी पाणी आलं. पाटात आधी पालापाचोळा, मग फेस, मग भुशानं तांबडं झालेलं पाणी. संभाजी भेंडीच्या सऱ्यांत फावडं घेऊन उभा होता आणि विजयमाला वरच्या अंगाला फुटलेला काठ चिखलानं लिंपत होती, तेव्हा भिंतीच्या वळशाकडून रावसाहेब येताना दिसले. ते सरळ झोपडीच्या सावलीत गेले, आपल्या भागाला वाकून पाहिलं आणि त्याच्यावर बसले.

“काय काढलं सकाळी सकाळी?” संभाजीनं विचारलं.

“लाकूड बघायला आलो.”

“एका रात्रीत काय वाळतंय?” तो म्हणाला. मग ओरडला, “ऊठ आधी त्याच्यावरनं! ओलं हाय अजून, पीळ पडंल.”

रावसाहेब उठले. बसायला दुसरं काही नव्हतं. ते हात मागं बांधून उभे राहिले, पाण्याकडं बघत.

“मग मी काय करू?”

पहिली सरी भरत आली होती; काठाची माती फोडून पाणी आता पुढच्या सरीत वळवायचं होतं. संभाजीनं फावडं त्यांच्या दिशेनं पुढं केलं.

“पुढच्या सरीचं दार मोड.”

रावसाहेबांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, चपला काठावर काढून ठेवल्या आणि पाण्यात पाय घातला.